अप्पांचे हजार चंद्र आणि दहा काड्या

अप्पांचं, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांचं, सहस्रचंद्रदर्शन एप्रिलच्या शेवटच्या रविवारी करायचं ठरलं. त्याच रात्री मामाचा फोन आला, "केक तू करायचास. तीन मजली." मी गेली चार वर्षं धायरीत घरून केक करते. अर्ध्या किलोपासून तीन किलोपर्यंतचे साधे, एका थराचे केक रोजच्या हाताखालचे आहेत. थरांवर थर असलेला मात्र आजवर एकच केला होता आणि तो धड पोचला नव्हता. त्यामुळे मामाला मी लगेच हो म्हटलं नाही.

त्या केकचं काय झालं ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या मुलीचा पहिला वाढदिवस पिंपळे सौदागरला होता. खाली आठ इंची, वर सहा इंची, दोन्ही व्हिप्ड क्रीमचे. आधाराला खालच्या केकमध्ये मी चार कागदी स्ट्रॉ खोचल्या होत्या. घरून निघताना केक फार सुरेख दिसत होता. तिथे खोका उघडला तेव्हा वरचा थर एका बाजूला सरकलेला होता आणि खालच्याला वरपासून तळापर्यंत चीर गेली होती. कोणी काही बोललं नाही. बहिणीने केकची चांगली बाजू पुढे करून फोटो काढले. परतताना मी गाडीत रडले, कारण त्या मुलीचा पहिला वाढदिवस काही पुन्हा येणार नव्हता.

घरी येऊन त्या स्ट्रॉ बाहेर काढून पाहिल्या. दोन ओल्या होऊन मधेच दुमडल्या होत्या. उरलेल्या दोन शाबूत होत्या, पण आडव्या झाल्या होत्या. चूक तिथेच होती, फक्त तेव्हा ती मला नीट कळली नाही. काडी सरळ उभी असेल तर बरंच वजन पेलते. एकदा जराशी कलली की वरचं वजन तिला खाली न दाबता बाजूला ढकलायला लागतं, आणि मऊ केक तिला धरून ठेवू शकत नाही. एक कलली की बाकीच्यांवर जास्त भार येतो आणि त्याही तिच्यामागे जातात.

या वेळी मी कुठला व्हिडिओ बघायच्या आधी वडगावला मामाकडे गेले आणि हे सगळं अप्पांना सांगितलं. अप्पांनी केक कधी केलेला नाही, पण ओझं वाहणाऱ्या गोष्टींत त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांचा जन्म १९४४चा. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांमध्ये पडझड उपसायचं काम निघालं. तिथे ते घमेली वाहायला लागले आणि पुढची चाळीस वर्षं बांधकामातच राहिले. आधी बिगारी, मग गवंडी, शेवटी मुकादम.

"वजन कशावर टाकलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"खालच्या केकवर. म्हणजे... स्ट्रॉवर."

"केकवर का स्ट्रॉवर? एक काय ते सांग."

मला सांगता येईना. मग त्यांनी पुरानंतरच्या एका वाड्याची गोष्ट सांगितली. मातीच्या भिंती पाण्याने विरघळून गेल्या होत्या, रस्त्यावरून थेट परसातलं तुळशीवृंदावन दिसत होतं, आणि तरी वरचा माळा जागच्या जागी उभा होता. कारण माळा भिंतींवर नव्हताच. तो तुळयांवर होता, तुळया लाकडी खांबांवर आणि खांब दगडी जोत्यावर. भिंती नुसत्या मधली जागा भरायला. "तुझा केक म्हणजे भिंत," अप्पा म्हणाले. "भिंतीवर माळा टाकू नये, पोरी. खांब कुठे आहेत ते आधी ठरव. केक नंतर."

मी मामाला हो म्हटलं ते यानंतर.

मापं ठरली दहा, आठ आणि सहा इंच. प्रत्येक थर पाच इंच उंच. अशा मापाचे भरलेले केक मी आधी तोलले होते, त्यामुळे वजनांचा अंदाज होता. दहा इंची सव्वाचार किलो, आठ इंची पावणेतीन, सहा इंची दीड. म्हणजे सगळ्यात खालच्या थराच्या डोक्यावर सव्वाचार किलो बसणार होतं, जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं. आणि घरात केक बिनअंड्याचाच हवा. दह्याचा बिनअंड्याचा स्पंज चवीला छान होतो, पण अंड्याच्या स्पंजइतका तो चिवट नसतो, दाबला की दबून राहतो. आकडे समोर मांडले तेव्हा मागच्या वेळी मी चार कागदी स्ट्रॉकडून काय मागितलं होतं ते लख्ख दिसलं.

सामानासाठी एक दुपार रविवार पेठेत, बोहरी आळीत काढली. आठ मिलिमीटर जाडीच्या गोल लाकडी काड्या घेतल्या आणि मधल्या खांबासाठी बारा मिलिमीटरची एक जाड काठी. तळाचा पाट बारा मिलिमीटर एमडीएफचा, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी फळीचा, चौदा इंची चौकोनी, आमच्या ओळखीच्या सुताराने कापून दिला. आठ आणि सहा इंची थरांखाली तीन मिलिमीटरच्या गोल चकत्या. पुष्कळ जण तिथे पुठ्ठा वापरतात आणि तो चालतोही, पण मला मधोमध स्वच्छ भोक पाडायचं होतं. चकतीचं माप केकच्याच मापाचं हवं, कारण प्रत्येक थर स्वतःच्या चकतीवर बसतो आणि ती चकती खालच्या थरातल्या काड्यांवर. चकती नसेल तर काड्या वरच्या केकमध्ये सरळ घुसतात. एमडीएफला केक थेट लागू नये म्हणून सगळ्यांना खाण्याच्या पदार्थांसाठीचा फॉइल चढवला.

चकतीचा मध्य शोधायला मी कंपास काढला तर अप्पांनी पिशवीतून गुण्या काढला. काटकोनाचं टोक गोलाच्या कडेवर ठेवायचं, दोन्ही हात जिथे कडेला कापतात तिथे खुणा करायच्या, त्या जोडायच्या. तो व्यास. गुण्या फिरवून पुन्हा तसंच केलं की दुसरा व्यास, आणि दोन्ही जिथे छेदतात तो मध्य. शाळेत अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे पाठ केलं होतं, ते पहिल्यांदा कामाला आलं. जाड काठी पाटाच्या बरोबर मध्ये उभी करून खालून स्क्रू मारला. अप्पांनी तिला दोन बाजूंनी ओळंबा लावून पाहिला. पहिल्यांदा थोडी कलती निघाली, तेव्हा स्क्रू काढून पुन्हा बसवली. ही काठी वजन पेलण्यासाठी नाही. थरांना आडवं सरकू न देणं एवढंच तिचं काम. खाली दाबणारा भार वेगळा आणि बाजूला ढकलणारा वेगळा, दोघांना दोन वेगळे आधार लागतात, ही गोष्ट मागच्या वेळी मला ठाऊकच नव्हती.

गुरुवारी स्पंज भाजले, शुक्रवारी भरले. आईला आत हापूस हवा होता, आणि एप्रिलमध्ये पुण्यात आंब्याला नाही म्हणणं माझ्याही जिवावर येतं. पण फोडींना पाणी सुटतं, थर निसरडे होतात. म्हणून आंबा फक्त सगळ्यात वरच्या सहा इंचीत घातला, कारण त्याच्या डोक्यावर काहीच बसणार नव्हतं. खालच्या दोन्हींत गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण. प्रत्येक भरणाच्या कडेला घट्ट गनाशचा बांध घातला, म्हणजे आतलं मऊ भरण दाबाखाली बाहेर फुगत नाही. भरून झाल्यावर केक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळले आणि वर स्वच्छ धुतलेली फरशी ठेवून चार तास तसेच ठेवले. हे मी एरवी करत नसे. केकमध्ये हवा अडकलेली असते आणि तो स्वतःच्या वजनाने हळूहळू बसत जातो. सजवल्यावर बसला तर कडेला पट्ट्यासारखा फुगवटा येतो. त्यापेक्षा आधीच बसलेला बरा. फरशी उचलल्यावर दहा इंची केक बोटाच्या एका पेराएवढा खाली गेला होता. तो अंदाज धरून मी थर मुळातच जरा उंच भरले होते, त्यामुळे पाच इंच राहिले.

बाहेरच्या लेपाला व्हिप्ड क्रीम घेतलं नाही. त्या आठवड्यात दुपारी पारा चाळिशीला टेकत होता. डार्क कूव्हर्चर, म्हणजे कोको बटरचं खरं चॉकलेट, आणि पाकिटातलं २५ टक्के फॅटचं क्रीम यांचं गनाश केलं. एरवी मी दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम घेते, या वेळी अडीचला एक घेतलं. दीड किलो चॉकलेट आणि सहाशे ग्रॅम क्रीम. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणून उन्हाळ्यात पुष्कळ जण वनस्पती तेलाच्या चॉकलेटकडे, म्हणजे कंपाउंडकडे वळतात. मला चवीत तडजोड नको होती. अर्धं कूव्हर्चर आणि अर्धं कंपाउंड मात्र कोणी करू नये. त्या दोन फॅट्सचं एकमेकांशी जमत नाही, मिश्रण मऊ पडतं. केक थंड ठेवणं आणि कमी वेळ बाहेर ठेवणं हा माझा मार्ग होता. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेलं हे गनाश वाटीच्या काठासारखं टणक होतं आणि केकभोवती कवच धरतं.

काळं गनाश म्हणजे रात्र, आणि रात्रीवर हजार चंद्र. ही कल्पना मामीची. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. हजारने गुणलं की जवळपास ऐंशी वर्षं आणि दहा महिने होतात. अप्पांनी तितक्या पौर्णिमा पाहिल्या आहेत, तेव्हा केकवर बरोबर हजार हव्यात, अंदाजाने नाही. थरांच्या बाजूंच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी केली : खाली ४१५, मध्ये ३३५, वर २५०. पांढरं कंपाउंड वितळवून बारीक नोझलने शनिवारी संध्याकाळी ठिपके घालत बसले. थंड गनाशवर ठिपका पडला की लगेच घट्ट होतो. भाचा शेजारी बसून पन्नास-पन्नासची खूण वहीत करत होता. साडेतीन तास लागले. कंबर धरली, पण इतकं शांत काम मी क्वचितच केलं आहे.

रविवारी पहाटे पाचला उठून काड्या कापायला घेतल्या. अप्पा साडेपाचला आले, मामा सोडून गेला. ज्यांचा समारंभ त्यांनीच त्या दिवशी पहाटे येऊन कामाला लागावं हे आईला पसंत नव्हतं, पण अप्पा ऐकणाऱ्यांतले नाहीत.

दहा इंची केक जाड काठीवरून हळूच खाली पाटावर उतरवला. त्याच्यावर आठ इंची रिकामी चकती काठीत ओवून ठेवली, सुईने कडेभोवती रेघ ओढली, चकती काढली. काड्या त्या रेघेच्या आत, कडेपासून एक इंच सोडून. खालच्या थरात सहा. रेघेबाहेर गेली तर वरच्या चकतीखाली येणार नाही, अगदी मध्याजवळ घेतली तर वरचा थर डुलेल. पहिली काडी तळापर्यंत सरळ खोचली, गनाशच्या पातळीवर खूण केली, बाहेर काढली. १२.८ सेंटिमीटर. समोरच्या बाजूला दुसरी खोचून पाहिली तर १२.५. केक एका बाजूने तीन मिलिमीटर खाली होता.

इथे मी एरवी प्रत्येक काडी आपापल्या जागेच्या उंचीची कापली असती. मला तेच बरोबर वाटत होतं. अप्पांनी हात धरला. "तुझ्या काड्या कशावर उभ्या आहेत?"

"पाटावर."

"पाट पाणसळीत आहे ना? मग सगळे खांब एकाच मापाचे. जमिनीला चढउतार असला म्हणून कोणी कॉलम लहानमोठे करून स्लॅब तिरका टाकतं का?"

माप घ्यायचं ते सगळ्यात उंच जागेवरचं, १२.८. तिथे चकती केकला नुसती टेकेल, बाकी ठिकाणी तीन मिलिमीटरची फट राहील आणि ती गनाशने बुजेल. सगळ्यात खालच्या जागेचं माप धरलं असतं तर उंच बाजूला चकती केकवर बसली असती, म्हणजे पुन्हा भिंतीवर माळा. सहाही काड्या बारीक दात्यांच्या करवतीने कापल्या, टोकं पॉलिश पेपरवर घासली, धुऊन पुसून कोरड्या केल्या. टेबलावर सहा शेजारी-शेजारी उभ्या करून वर काचेचं झाकण ठेवलं. एक काडी झाकणाला लागेना, बोट लावलं की हलत होती. ती बाद. नवी कापली.

आठ इंची थर फ्रिजमधून काढला आणि काठीवरून उतरवला. चकती सहाही काड्यांवर एकदम बसली, टक असा बारीक आवाज आला. अप्पांनी चकतीच्या कडेवर पाणसळ, म्हणजे पातळी पाहायची बुडबुड्याची पट्टी, ठेवली. बुडबुडा मध्ये. दुसऱ्या थरात चार काड्या, त्याच रीतीने. जाड काठी दुसऱ्या थराच्या वर तीन इंच शिल्लक होती, तिसऱ्या थराला धरायला तेवढी पुरेशी. तिसरा थर वेगळ्या खोक्यात ठेवला, तो तिथे जाऊन चढवायचा. फ्रिजचे दोन कप्पे काढून दोन मजले आत गेले आणि निघायच्या क्षणापर्यंत तिथेच राहिले. थंड केक प्रवासात दगडासारखा असतो. गरम झाला की पुन्हा केक.

नऊला निघालो. सीटवर केक ठेवू नये, सीटला उतार असतो. मागची सीट पाडून, डिकीवरचा ट्रे काढून केक सपाट तळावर रबरी मॅटवर ठेवला, म्हणजे एसीची हवाही मागपर्यंत पोचली. गाडी आधीच पंधरा मिनिटं थंड करून ठेवली होती. मी मागे केकशेजारी बसले, नवरा चालवत होता. धायरीहून सिंहगड रस्त्याने राजाराम पूल आणि पुढे डीपी रस्त्यावरचं कार्यालय, एरवी फार लांब नाही. विठ्ठलवाडीच्या अलीकडे एक दुचाकी एकदम आडवी आली आणि नवऱ्याने कचकन ब्रेक दाबला. मी पाटाला दोन्ही हातांनी धरलं. माझ्या डोळ्यांसमोर पिंपळे सौदागरचा तो खोका होता. झाकण उचलून पाहिलं. मजले जिथल्या तिथे होते. दोन थरांच्या सांध्यापाशी गनाशला केसाएवढी भेग, एवढंच. आडवा धक्का त्या मधल्या काठीने घेतला होता.

कार्यालयात केकसाठी ठेवलेलं टेबल देखणं होतं, साटीनची झालर वगैरे. पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका टोकाला. नवऱ्याने एका पायाखाली प्लायची चीप सारली, तेव्हा टेबल सरळ झालं. कितीही नीट रचलेला केक कलत्या टेबलावर कलताच दिसतो, आणि उन्हाळ्यात कलत्या बाजूलाच आधी सरकायला लागतो. टेबल उन्हाच्या खिडकीपासून हलवून घेतलं. मग तिसरा थर चढवला, भेगेवर कोमट पॅलेट नाइफ फिरवला आणि सांध्यांवर पांढऱ्या मोत्यांची ओळ घातली. फुलं लावली नाहीत. बाजारच्या फुलांवर काय फवारलेलं असतं सांगता येत नाही, ती खाण्याच्या गोष्टीला टेकवणं मला पटत नाही.

पूजा झाली, अप्पांना हजार वातींनी ओवाळलं. केकवर मेणबत्ती लावलीच नव्हती. ज्या दिवशी इतके दिवे लावायचे त्या दिवशी फुंकर मारून ज्योत विझवायची नाही, असं आईने आधीच सांगून ठेवलं होतं. अप्पांनी वरच्या थराला सुरी लावली. सुरी लावण्यापूर्वी दोन पावलं मागे जाऊन त्यांनी एक डोळा मिटला आणि केककडे पाहिलं, जशी ते पूर्वी एखाद्या भिंतीची कड पाहत असतील. काही बोलले नाहीत. मान हलवली.

कापणं मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत नेऊन केलं. वरचा थर चकतीसकट उचलून बाजूला, त्याचे तुकडे वेगळ्या पाटावर. मग दुसरा. काड्या असतानाच वरून सुरी घातली तर ती काडीला अडते आणि तुकडा फाटतो, म्हणून थर उघडा झाला की आधी काड्या ओढून काढायच्या, मग कापायचं. ऐंशीच्या वर तुकडे झाले. वाढपी ताटं घेऊन दारात उभे होते. त्यांना मी थांबवलं आणि काड्या स्टीलच्या ताटलीत मांडून मोजल्या. सहा आणि चार, दहा. लहान मुलांची पंगत होती, एकही काडी कुणाच्या बशीत जायला नको होती. भाच्याने पुन्हा एकदा मोजल्या. दहाच होत्या. मग बशा बाहेर जाऊ दिल्या.